पाठ आणि पाढे

माझं आणि माझ्या पाठीचं गेली काही वर्षं फारसं पटत नाही. दोष तिचा नाही. बी.कॉम. झाल्यावर मी तिला बँकेच्या खुर्चीत नेऊन बसवलं, रोज पनवेलहून फोर्टपर्यंत लोकलमधून उभ्यानं नेलं आणि उभ्यानंच परत आणलं. एवढा अन्याय आमच्या युनियननं एक दिवससुद्धा खपवून घेतला नसता. पाठीनं मात्र वीस वर्षं निमूटपणे सोसलं आणि चाळिशी उलटल्यावर एके सकाळी, मोरीत बादली उचलत असताना, कोणतीही नोटीस न देता संप पुकारला. मी जो वाकलो तो वाकलेलाच राहिलो. ‘‘अहो, सकाळी सकाळी नमस्कार कोणाला चाललाय?’’ असं सौ.नं स्वयंपाकघरातून विचारलं, तेव्हा कुठे घरात ही बातमी फुटली.

वाटाघाटी पंधरा दिवस चालल्या. मलम झालं, शेक झाला, शेजाऱ्यांचे सल्ले झाले. थोडं बरं वाटे आणि बँकेत दोन तास बसलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी शेजारच्या काउंटरवरच्या नव्या मुलानं तोडगा सुचवला. हा मुलगा पहाटे उठून जिममध्ये जातो आणि तरीही हसतमुख असतो. तो म्हणाला, ‘‘काका, फोम रोलर घ्या. सोबत दोन बॉल घ्या. स्वतःचं मालीश स्वतः करायचं. कोणाच्या पाया पडायला नको.’’ मला ‘काका’ म्हटल्याचा राग गिळून मी त्याच दिवशी मागणी नोंदवली.

चौथ्या दिवशी खोकं आलं. आत हातभर लांबीचं, काळं, पोकळ आणि अंगावर फणसासारखे काटे असलेलं एक नळकांडं होतं. सोबत दोन चेंडू. एक गुळगुळीत आणि दगडासारखा, दुसरा धोत्र्याच्या फळासारखा.

‘‘मोरीचं काम काढलंयस का?’’ नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

‘‘लोड आहे होय? मग याला अभ्रा कुठला घालू?’’ सौ. म्हणाली.

‘‘मसाज रोलर आहे तो,’’ चिरंजीव मान वर न करता म्हणाले. ‘‘सगळे वापरतात.’’

बँकेत आम्हांला पहिल्या आठवड्यात शिकवतात, की व्हाउचर पाहिल्याशिवाय एन्ट्री मारायची नाही. त्या नळकांड्यावर पाठ टाकण्यापूर्वी त्याची कुळकथा तपासून पाहावी, असं मी ठरवलं. खरं कारण असं, की मला त्याची भीती वाटत होती. पण भित्र्या माणसांनी असा वेळ काढला नसता तर जगात इतिहासकार फार थोडे झाले असते.

पाठदुखीचा इतिहास लिहायला पनवेलइतकं योग्य गाव शोधून सापडायचं नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस बोटीनं खाडीतून पनवेल बंदराला यायचा आणि इथून पुढे गाडीनं घाट चढायचा. बोटीत अवघडलेली पाठ पनवेलला सरळ करायची आणि ती सरळ होते न होते तोच गाडीत घालून पुन्हा मोडायची, असा एकूण क्रम असावा. १८६३ साली रेल्वे घाट चढून गेली आणि बंदराची वर्दळ ओसरली, पण पुढे एस.टी.नं गावाचा लौकिक सांभाळला. १९९८ साली लोकल आली, २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, २०२५ साली तालुक्यात विमानतळाचं उद्घाटन झालं. दुखरी पाठ घेऊन पाण्यातून, रस्त्यानं, रुळांवरून आणि आता आकाशातूनही येण्याची सोय असलेलं गाव आमचं!

जिथे दुखणं तिथे औषध. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना काढला, तो पनवेललाच. तेव्हा तेल आणि पाठ यांचा संबंध आम्हां पनवेलकरांना नवा नाही. तो मुळात कोणालाच नवा नाही. वाग्भटानं ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात रोज अभ्यंग करायला सांगितलंय. डोकं, कान आणि पाय यांना तर आठवणीनं तेल लावायला सांगितलंय. अजीर्ण झालेल्यानं मात्र हे करू नये, अशी सूचनाही आहे. म्हणजे लग्नसराईत आम्ही बाद. बाराव्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’मध्ये राजानं घ्यायच्या वीस उपभोगांची यादी आहे. स्नान, तांबूल, वस्त्र, अन्न, शय्या या बड्या मंडळींच्या पंक्तीत पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल लावून घेणं, हेही मानानं बसलंय.

हे सगळं वाचताना कारकुनी नजरेला एक गोष्ट खुपली. तेल कोणतं, वेळ कोणती, अवयव कोणता, सगळं लिहिलंय. पण हात कोणाचे? हात नेहमी दुसऱ्याचे! राजा काही स्वतःचे पाय स्वतः चोळत बसला नसणार. शेषशायी विष्णूचं चित्र पाहा. जगाचा सांभाळ करणारा देव, पण पाय चेपायला लक्ष्मीच. (शेषाची ती जाडजूड गुंडाळी पाठीखाली आहे, तोच जगातला पहिला रोलर, असं मी सौ.ला म्हणून पाहिलं. तिनं लक्ष्मीकडे बोट दाखवलं आणि विषय मिटला.) आपल्या भाषेतसुद्धा पाय ‘चेपून घेतात’, अंग ‘रगडून घेतात’, पाठ ‘तुडवून घेतात’. म्हणजे या क्रियापदांना दोन माणसं लागतात. संयुक्त खात्यासारखं आहे ते. एकट्याच्या सहीनं व्यवहार होत नाही.

आपल्या या ‘चेपणे’चं एक भावंड तर थेट विलायतेला जाऊन राजाला भेटून आलंय. चेपणे, दाबणे या अर्थाचं हिंदी ‘चाँपना’. त्यापासून ‘चंपी’ झाली आणि इंग्रजांचा ‘शाम्पू’ही झाला. तो तिकडे रुजवला शेख दीन महंमद या पाटण्याच्या गृहस्थानं. १७५९ सालचा जन्म. १८१० साली यानं लंडनमध्ये हिंदुस्थानी खाण्याचं हॉटेल काढलं आणि १८१२ साली त्याचं दिवाळं वाजलं. इथे माझ्यातला बँकवाला हळहळला. पण गडी हिंमतीचा. समुद्रकाठच्या ब्रायटन गावी जाऊन त्यानं वाफेच्या स्नानाचं आणि अंग रगडून देण्याचं दुकान थाटलं आणि ते असं चाललं, की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांच्या पदरी तो ‘शाम्पूइंग सर्जन’ झाला. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या त्यानं दुकानात टांगून ठेवल्या होत्या म्हणतात. वसुलीचा इतका भक्कम पुरावा आमच्या कर्जखात्यालासुद्धा कधी मिळत नाही. पुढे ‘शाम्पू’ अंगावरून घसरत डोक्यावर गेला आणि बाटलीत बसून आपल्याकडे परत आला. आपलाच माल आपण आता पुडीतून विकत घेतो.

पण तिथेही हात महंमदाचे आणि अंग राजाचं. आपल्या तालमीत जा. तिथेही पैलवान एकमेकांना रगडतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवं जीवन दिलं. एरंडेल लावलेल्या खांबाला माणूस एकटाच झोंबतो, अंग घासतो, पिळतो. ही स्वयंमालिशाची सुरुवात म्हणावी काय, असा मला मोह झाला होता. पण मल्लखांब मालिशासाठी नाही. आणि नुसती पाठ खांबाला घासण्याचाच मान द्यायचा तर तो गोठ्यातल्या म्हशीला द्यावा लागेल.

मग स्वतःचं अंग स्वतः चेपणारं पहिलं माणूस कोण? ग्रंथात सापडलं नाही, ते मला माझ्याच घरात आठवलं. माझी आजी! आमच्या घरात बाळ आलं की त्याला पायावर घेऊन तेल चोळायची ती आजी. बाळंतिणीची कंबर रगडायची ती आजी. आजोबांचे पाय चेपायची तीही आजीच. आणि रात्री सगळी निजानीज झाली की काशाची वाटी आणि खोबरेल घेऊन, भिंतीला टेकून, आपले तळपाय आपणच घासत बसायची ती पण आजी. वाटी फिरून फिरून तळवा काळा व्हायचा. ‘‘उष्णता बाहेर पडते हो,’’ असं ती सांगायची. काळा रंग मुळात धातूचा, तेलाचा आणि मळाचा, हे मला पुढे कळलं. पण आजीचे पाय चेपायला घरात कोणालाच कसं सुचलं नाही, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. ज्यांच्या वाट्याला दुसऱ्याचे हात आले नाहीत, त्यांनी वाटी शोधली, वज्री शोधली, पोटरीवर लाटणं फिरवलं. स्वयंमालिशाचा खरा इतिहास हा असा लिहिता येतो, आणि तो लिहायला कोणाला सवड झाली नाही.

फोमच्या नळकांड्याचं मूळ मात्र परदेशी आहे. मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) नावाचे एक पदार्थविज्ञानाचे जाणकार होते. ज्युदो खेळणारे होते, गुडघा दुखावलेला होता. ते माणसांना अशा गोल नळकांड्यांवर निजवून शरीराचा तोल आणि हालचाल शिकवायचे. त्यावर अंग रगडण्याची टूम पुढे खेळाडूंनी आणि फिजिओथेरपीवाल्यांनी उचलली आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत ती जिममधून घराघरांत आली. घाट चढून गेलं की पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनीही पट्टे, विटा, लोड, दोऱ्या वापरून हेच साधलं होतं. शिष्याला गुरूच्या हाताचा जो आधार लागतो तो वस्तूनं द्यायचा. म्हणजे पाहा, सगळीकडे गोष्ट एकच: हात कमी पडले, की वस्तू येते.

एवढा इतिहास झाल्यावर पळवाट उरली नाही. रविवारी दुपारी मी दिवाणखान्यात चटई अंथरली, नळकांडं आडवं ठेवलं आणि त्यावर बरोबर कंबर टाकली. पुढे काय झालं ते तपशिलात सांगत नाही. एवढंच सांगतो, की काटे जागच्या जागी रुतले, मी ओरडलो, नळकांडं निसटून टीपॉयखाली गेलं आणि मी सोफा आणि टीपॉय यांच्या मध्ये शेषाशिवायचा विष्णू होऊन पडलो. नाना वर्तमानपत्रावरून डोकावून म्हणाले, ‘‘पाइप गळतोय वाटतं.’’

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी आधी पायात मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, ते विचारलं. ‘‘तसं असतं तर रोलरच्या आधी डॉक्टर,’’ म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या खरेदीचं ऑडिट केलं. जे जितकं कडक तितकं गुणकारी, या आपल्या कडूकाढा-विचारसरणीनं मी फसलो होतो. नवख्यानं गुळगुळीत आणि मध्यम मऊ रोलर घ्यावा. अंगठ्यानं दाबला तर थोडा दबला पाहिजे. पाठीसाठी नव्वद सेंटिमीटरचा लांब बरा. पोटऱ्या-मांड्यांना तीस-पंचेचाळीसचा पुरतो. काटेवाले आणि पोकळ-कडक प्रकार सरावलेल्यांसाठी. कमरेच्या खालच्या भागावर, मानेवर, गुडघ्यावर आणि कुठल्याही हाडावर रोलर फिरवायचा नाही. फिरवायचा तो मांसल भागावर, सावकाश, श्वास न कोंडता, एका जागी अर्धा ते एक मिनिट. दुखावं ते ‘हाय’ म्हणण्याइतकं, ‘आई गं’ म्हणण्याइतकं नव्हे. रक्ताची गुठळी, फुगलेल्या शिरा, ठिसूळ हाडं किंवा ताजी इजा असेल तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

चेंडूचंही तसंच. दगडासारखा चेंडू नंतर. सुरुवात टेनिसच्या चेंडूनं. तो जुन्या मोज्यात घालायचा, मोजा खांद्यावरून मागे सोडायचा आणि भिंतीला पाठ लावून खांद्याच्या पात्याजवळ हलकेच रगडायचं. म्हशीचाच मार्ग हा, पण मोज्यासकट. तळपायाला तर खुर्चीत बसून चेंडू पायाखाली फिरवला की झालं.

‘‘यानं गाठी मोडतात ना?’’ मी विचारलं.

‘‘पूर्वी तसं सांगायचे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण आतलं आवरण इतकं चिवट असतं, की तुमच्या वजनानं ते मोडायचं नाही. दाबामुळे मेंदूला तात्पुरता दिलासा मिळतो आणि स्नायू थोडा सैल सोडला जातो, असं आता बरेच जण मानतात.’’

नंतर मी वाचलं, की २०१९ साली एकवीस अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. व्यायामानंतर रोलर वापरल्यानं स्नायूंचं दुखणं सरासरी सहा टक्क्यांनी कमी जाणवलं. सहा टक्के! माझे डोळे पाणावले. हा तर मुदत ठेवीचा दर! फार नाही, पण खात्रीचा. श्रीमंत करत नाही, पण रोज थोडा थोडा जमा होतो. मी काटेरी नळकांडं जिमवाल्या मुलाला देऊन टाकलं आणि गुळगुळीत आणलं. ते माझ्या मांड्यांना आणि पाठीच्या वरच्या भागाला खरोखरच मानवलं. टेनिसचा चेंडू सौ.नं परस्पर जप्त केला. आता ती ओट्यापाशी पोळ्या करताना वर हातात लाटणं आणि खाली पायाशी चेंडू, अशी दुहेरी नोंद पद्धतीनं उभी असते. तिची टाच कधीपासून दुखते, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. ‘‘तीन वर्षं झाली,’’ ती म्हणाली. मला एकदम आजीची वाटी आठवली. रात्री चेंडू बाजूला ठेवून मी तिची टाच हातात घेतली. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

नानांचं वय ब्याऐंशी. एस.टी.त कंडक्टर होते. दिवसभर उभ्याचं काम. त्यामुळे ‘प्यासा’मधला (१९५७) तेलमालीशवाला जॉनी वॉकर त्यांचा अतिशय लाडका, कारण तो सिनेमात येण्यापूर्वी मुंबईत बसकंडक्टर होता. ‘‘उभ्या माणसाचं दुखणं त्याला ठाऊक,’’ असं ते म्हणत. मी सात वर्षांचा असताना ड्यूटीवरून आले की ते चटईवर पालथे पडायचे आणि हाक मारायचे, ‘‘चल, पाठ दे.’’ मग खुर्चीला धरून मी त्यांच्या पाठीवर चालायचो. खांद्यापासून कमरेपर्यंत आणि परत, ही एक फेरी. आणि चालताना पाढे म्हणायचे. चुकलं की फेरी पुन्हा. नाना एरवी घरात फारसं बोलत नसत. माझी त्यांच्याशी जी काही बोलाचाली झाली ती पाठीवरच झाली. शाळेत कोणी मारलं, गणितात किती पडले, आई आज का रागावली, हे सगळं मी त्यांच्या मानेमागच्या केसांना सांगितलंय. मजुरी एका पाठीला चार आणे. पण ती रोख क्वचित मिळे. ‘‘लिहून ठेव,’’ म्हणायचे. मी वहीत लिहून ठेवायचो. मी कारकून झालो तो तिथे.

पुढे माझं वजन वाढलं आणि ते काम बंद झालं. चार आण्यांचं नाणंही ३० जून २०११ ला चलनातून गेलं. माझ्या चिरंजीवांना मी कधी ‘चल, पाठ दे’ म्हणालोच नाही. रोज घरी पोचायला साडेआठ व्हायचे आणि तोवर ते झोपायला आलेले असत.

परवा रात्री नानांचे तळपाय जळजळत होते. रोलर त्यांच्या हाडांना चालणार नव्हता, म्हणून मी दुसरा मऊ चेंडू आणून खुर्चीपाशी ठेवला. त्यांनी तो पायाखाली पाच मिनिटं फिरवला.

‘‘कसं वाटतंय, नाना?’’

‘‘बरंय,’’ ते म्हणाले. ‘‘पण हा काही बोलत नाही.’’

मी स्वयंपाकघरात गेलो. वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे आजीची काशाची वाटी होती. खोबरेल घेतलं, त्यांच्या पायाशी बसलो आणि वाटी फिरवायला लागलो. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग डोळे न उघडता नाना म्हणाले, ‘‘एकोणतीस साती?’’

मी अडखळलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, वीस वर्षं आकड्यांत काढलेली, आणि हात आपोआप कॅल्क्युलेटर शोधायला लागला.

‘‘दोनशे तीन,’’ दारातून चिरंजीव म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

‘‘याला ठेव कामाला,’’ नाना मला म्हणाले. ‘‘आणि तुझ्या सत्तावीस पाठी राहिल्यात माझ्याकडे. सहा रुपये पंचाहत्तर पैसे. वहीत बघ.’’

कायद्यानं तीन वर्षांत मागितलं नाही तर असं येणं बुडतं. मी हे त्यांना सांगितलं नाही. चिरंजीव पुढे येऊन बसले आणि त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. मला म्हणाले, ‘‘बाबा, तू नीट दाबत नाहीयेस.’’

रोलर सध्या दिवाणखान्यात आहे. दुपारी वाऱ्यानं दार आपटतं, त्याला सौ. तो अडसर म्हणून लावते.